उपवासाच्या दिवशीच माझा तोल जातो, संकष्टी सोडू का?

पारिजात:
कालनिर्णय निघालं १९७३ साली, माझा जन्मही त्याच सालचा. आमच्याकडे ते फ्रिजशेजारी टांगलेलं असतं, दोऱ्याला पेन्सिल. दुधाचा खाडा त्यावरच मांडते. १ जुलैपासून त्याच चौकोनांत आणखी एक खूण सुरू केली. ज्या दिवशी घरात कुणावर विनाकारण ओरडले, त्या दिवशी कोपऱ्यात ठिपका. रात्री ओटा पुसून झाला की आठवायचं आणि पेन्सिल टेकवायची, एवढंच.

माझी खात्री होती की हे लोकलच्या गर्दीमुळे होतं. डोंबिवली ते सीएसएमटी रोज जाऊन-येऊन माणूस चिडणारच, असं मी स्वतःला सांगत आले. ३१ ऑगस्टला दोन्ही पानं पाहिली. ठिपके ११. त्यात ६ जुलै, आणि तो तर रविवार! आषाढी एकादशी होती. सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी वाढली, स्वतः चहावर राहिले. १४ जुलैला संकष्टी, ठिपका. २८ जुलै, ४ आणि ११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार, ठिपके. १२ ऑगस्टला अंगारकी, तिथला तर कागद फाटेल इतका दाबून काढलेला. उपवासाचे सात दिवस, त्यातले सहा असे. कोरा फक्त १८ ऑगस्ट. पावसामुळे त्या दिवशी ऑफिसला गेलेच नाही, आणि दुपारी सासूबाईंनी समोर बसवून भगर-आमटी खायला घातली होती.

लेक पोटात होती तेव्हापासून मी संकष्टी करते. तिच्यासाठी धरलेला उपवास, आणि संध्याकाळी बोलणी तीच खाते. आता बारावीला आहे ती. हे लक्षात आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. सोडून देऊ का? तुमच्यापैकी कुणाला स्वतःचं असं काही सापडलंय का?

निवृत्त वाहक:
ताई, मी ३१ वर्षं एसटीत वाहक होतो. डेपोत रोख भरताना कधी पाच, कधी दहा रुपये कमी पडायचे, ते पदरचे घालायचो. वाटायचं, प्रवासी गर्दीत फसवतात. मग खिशातल्या डायरीत कुठल्या फेरीला तूट आली ते टिपायला लागलो. जवळजवळ दर वेळी शेवटची फेरी, डोळ्यांवर झोप असतानाची. सुट्टे पैसे मीच जास्त देत होतो. इतकी वर्षं लोकांवर संशय घेतला, त्याचं आजही वाईट वाटतं. उपवास सोडू नका, उपाशी राहणं सोडा.

अबोली:
नुसत्या चहाने पित्त खवळतं. चारला दाण्याचा लाडू आणि ताक घ्या, उपवासाला चालतं. पण सगळं भुकेवर ढकलू नका. उरलेले पाच ठिपके कुठून आले?

चौथा कोपरा:
अठराव्या शतकातला अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन असाच तक्ता ठेवायचा, चुकलं की काळा ठिपका. आधी त्याने अंगी बाणवायचे १२ गुण लिहिले होते. तेरावा, नम्रतेचा, घातला तो एका मित्राने 'लोक तुला गर्विष्ठ समजतात' असं सांगितल्यावर. ते त्याचं त्याला दिसलं नव्हतं. लेकीला विचारलंत का?

पारिजात:
काल रात्री विचारलं. कॅलेंडर काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मला माहितीये गं आई. संकष्टीला टेस्टचे मार्क मी चंद्रोदयाची वेळ बघूनच सांगते तुला."

मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. मग तिला जवळ घेतलं.

अबोली, उरलेल्या पाचातले दोन तिनेच ओळखले. दोन्ही दिवशी माझं दादाशी फोनवर आईच्या औषधांवरून वाजलं होतं. राहिलेले तीन अजून कळलेले नाहीत, खूण चालू ठेवणार आहे.

काका, तुमचं ऐकलं. १० सप्टेंबरला संकष्टी आहे. त्या चौकोनात लेकीने पेन्सिलीने लिहून ठेवलंय: ४ वाजता, लाडू.