अनुभव लिहा: मे महिन्यातली पहाट आणि एआरएआयचा चढ

रविवारी आपल्या धावण्याच्या ग्रुपने पुण्यात वेताळ टेकडीवर चढणाऱ्या एआरएआय रोडवर रिपीट्स काढले, म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा. साधारण ३०० मीटरचा टप्पा, वर जोर लावून धावत, खाली चालत, असं ८ वेळा. मे महिन्यात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, म्हणून साडेपाचला पहिला चढ ठरला होता. निघालो पावणेसहाला, कारण निम्मी मंडळी गाडी लावायला जागा शोधत होती. मी पहिल्या चढाला दावं तोडलेल्या खोंडासारखा सुटलो आणि चौथ्याला गुडघ्यांवर हात ठेवून उभा! तुमचं काय झालं ते लिहा. लाजू नका.

कोथरूडकर
वय ४६, आणि या प्रकारात मी पहिलटकरीण. चढ संपतो कुठे हे बघत धावले की तो संपतच नाही, हे दुसऱ्याच फेरीत कळलं. मग कोच म्हणाले, "ताई, माथ्याकडे बघू नका, दहा पावलं पुढे बघा. पाऊल लहान टाका, कोपरं मागे न्या." पुढे धावणाऱ्या मुलीच्या बुटावर रेडियमची पट्टी होती. मी तिच्यामागे चिकटले. पट्टी वर, पट्टी खाली. वर पोचले तेव्हा कानात ठोके वाजत होते आणि झाडीतून मोर ओरडला. तोही हसला असणार. पाच फेऱ्या झाल्या. सहावी चालत केली, ती मी मोजते.

पर्वती पायथा
रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतो याची घमेंड होती. चढ आरामात झाले. पण खाली चालत यायचं सोडून मी प्रत्येक वेळी पळत सुटलो, फुकटचा वेग मिळतोय म्हणून. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जाता जाता ब्रेक लावत असतात, त्याचं बिल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. मंगळवारी जिना उलटा उतरलो, कठडा धरून. आई खालून बघत होती. "कोणी सांगितले होते उपद्व्याप?" एवढंच म्हणाली.

औंधवाली
माझं जरा गंभीर आहे. आदल्या रात्री जागरण, सकाळी नुसतं पाणी ढोसलेलं. सहाव्या फेरीला ऊन अंगावर आलं आणि घामाने निथळत असताना एकदम काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं. मी वेडी, म्हटलं वारा सुटला. एका काकांनी हाताला धरून सावलीत बसवलं, मानेवर ओला नॅपकिन टाकला आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी माणसात आले. उन्हात धावताना काटा आला की तिथेच थांबायचं, फेऱ्या गेल्या खड्ड्यात. आणि घाम एवढा जात असताना नुसतं पाणी पीत राहणंही बरं नाही, मीठ पोटात जायला हवं. आता मी घरूनच बाटली भरून आणते.

साताऱ्याच्या तयारीत
साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरायचं. म्हणून मला ही सकाळ सोन्यासारखी. एकच सांगतो, चढावर घड्याळ बघू नका. सपाटीवर मी सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, जातो, इथे साडेआठ दिसले की जीव खालीवर होतो. श्वास मोजा. पहिल्या फेरीला जेवढी धाप लागली तेवढीच शेवटच्या फेरीला लागली, तर जमलं. धागाकर्त्यासारखं खोंड झालात की संपलं.

टेकडीवरचा जुना
मी धावत नाही. ३० वर्षं वेताळ टेकडीवर फिरतो, त्या हक्काने लिहितो. मागून "साइड, साइड" ओरडत येऊ नका, आमचं काळीज तुमच्याइतकं तयार नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही धावताना खाता त्या एनर्जी जेलची रिकामी पाकिटं मी उचलली, चार होती. बाकी पोरं गुणी आहेत, एका मुलीने थांबून माझी काठी उचलून दिली. पण ८ फेऱ्या झाल्या म्हणून जे फोटो टाकलेत ना, मी खाली बाकावर बसून मोजत होतो. एकीचा अपवाद सोडला तर सगळ्यांच्या सातच झाल्या.