मदत हवी आहे: कॉपर सल्फेटमध्ये ॲल्युमिनिअम ढिम्म

शाळेत धातूंची क्रियाशीलता श्रेणी (कोणता धातू जास्त क्रियाशील, तो क्रम) तापमानवाढीवरून दाखवायची आहे: धातू द्रावणातल्या तांब्याला बाहेर काढून त्याची जागा घेतो, म्हणजे विस्थापन होतं, आणि त्यात उष्णता सुटते. थर्माकोलच्या पेल्यात 0.2 मोल प्रति लिटर तीव्रतेचं 25 मिली कॉपर सल्फेट, त्यात धातू जरूरीपेक्षा जास्त, सतत ढवळत. जस्ताच्या भुकटीला हिशेबाने सुमारे 10 अंश सेल्सिअस वाढ यायला हवी, लोखंडाला 7 आणि मॅग्नेशिअमला 25 च्या आसपास. प्रत्यक्षात उष्णता निसटते म्हणून आकडे थोडे कमी येतात, पण क्रम बरोबर लागतो.

अडतं ते ॲल्युमिनिअमपाशी. हिशेब 20 अंशांचा, आणि पारा जवळपास हलतच नाही. ऑक्साइडचा थर धातूला झाकतो, हे कारण उघड आहे. पॉलिश पेपरने घासलं तरी हवेत तो लगेच पुन्हा धरतो.

चिमूटभर मीठ टाकलं की क्लोराइड आयन थर फोडतात. फॉइलवर तांबूस ठिपके उमटतात, कडेने बुडबुडे सुटतात आणि द्रावण झपाट्याने तापतं. पण ते बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणजे मोजलेली उष्णता निव्वळ विस्थापनाची राहत नाही.

तर विचारायचं असं: 25 मिलीला मीठ किती घालावं, की थर फुटेल पण हायड्रोजन कमीत कमी सुटेल? की फॉइल आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ओली असतानाच टाकणं बरं? ॲल्युमिनिअमची भुकटी आणि पाऱ्याचे क्षार कृपया सुचवू नका, मुलांच्या हातात ते द्यायचं नाही. कुणी हे मोजून पाहिलं असेल तर आकड्यांसकट सांगा.