गुजराती माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवायला नेटवरचं खरंच उपयोगी काय?

दांडियाबाजारवाली

नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घेते. सात-आठ जण येतात, बहुतेक सहावी-सातवीतले, सगळे गुजराती माध्यमाचे. त्यातली दोघं घरी मराठी बोलतात, एक मुलगी मारवाडी, बाकी गुजराती. गणिताचं जमतंय, गाडं अडतं ते इंग्रजीत.

धडा घडाघडा म्हणून दाखवतात, पण मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं की गप्प. पाठ केलेलं असतं, वाचलेलं नसतं. अक्षर मात्र मोत्यासारखं! 'व्हॉट इज युवर नेम'चं उत्तर येतं, 'व्हेअर डू यू लिव्ह' विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात.

माझं इंग्रजी बँकेतलं, 'काइंडली डू द नीडफुल' छापाचं. पत्र लिहायला सांगा, झकास लिहीन. बोलायची वेळ आली की मलाच घाम फुटतो. म्हणून आवाज दुसऱ्या कुणाचा तरी हवा आहे. भाच्याने पुण्याहून वेबसाइटींची भलीमोठी यादी पाठवली. निम्म्या ठिकाणी आधी ईमेल द्या, मग कार्डाचा नंबर द्या.

माझ्या अडचणी सांगते. शिकवताना फोन एकच, माझा. घरी वायफाय आहे, पण मुलांच्या घरी फोन वडिलांचा आणि तो हातात येणार रात्री आठनंतर. पैसे भरायचे नाहीत. मुलांपुढे वापरून बघितलेलं असेल तेच सांगा. जाहिराती नकोत.

मांजलपूरचा मंदार

काकू, बीबीसी लर्निंग इंग्लिशवर 'सिक्स मिनिट इंग्लिश' आहे. सहा मिनिटांचा कार्यक्रम, दोघं जण गप्पा मारतात, खाली पूर्ण संवाद लिहिलेला मिळतो. सगळं फुकट. नोकरीच्या मुलाखतीआधी मी बसमध्ये रोज तेच ऐकायचो. ड्युओलिंगोवर हिंदीतून इंग्रजी शिकता येतं, खेळ असल्यासारखं असल्याने मुलं चिकटून बसतील. आणि व्हॉइस ऑफ अमेरिकाची 'लेट्स लर्न इंग्लिश' नावाची ५२ धड्यांची मालिका यूट्यूबवर आहे. ॲना नावाची मुलगी वॉशिंग्टनला राहायला येते, तिची गोष्ट. बोलणं सावकाश आहे.

वाडीच्या बाई

ताई, मी गुजराती माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच शिकवायचे, त्यामुळे तुमची मुलं मला न बघता दिसतायत.

मंदार, ॲना चालेल, पण आठवीपासून पुढे. सिक्स मिनिट इंग्लिश तुझ्यासारख्यांना उत्तम. सहावीतल्या पोराला ते दोघं का हसतायत हेच कळणार नाही. ड्युओलिंगोवर मुलं बोटाने शब्द जुळवत बसतात, तोंड उघडायचं टाळता येतं तेवढं टाळतात. शिवाय एका फोनवर आठ जणांनी काय करायचं?

ताई, यादी विसरा. निवडताना एवढंच बघा की आवाज आणि अक्षर एकाच वेळी समोर येतंय का. आपल्याच गुजरातेत हे फार आधी करून बघितलंय. अहमदाबादच्या आयआयएमचे ब्रिज कोठारी यांनी १९९९ मध्ये दूरदर्शनच्या 'चित्रगीत' कार्यक्रमात गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द दाखवायला सुरुवात केली. गाणं गुजराती, खालची ओळ गुजराती, जो शब्द गायला जातोय तो रंगत जायचा. लोक गाणं ऐकता ऐकता वाचायला लागतात, ही त्यामागची कल्पना. त्यांनीच पुढे 'बुकबॉक्स' काढलं. यूट्यूबवर छोट्या चित्रगोष्टी, खाली तसेच रंगत जाणारे शब्द. एकच गोष्ट हिंदीत आणि इंग्रजीत मिळते.

मी काय करायचे ते सांगते. आधी गोष्ट हिंदीत दाखवायची, म्हणजे अर्थाची भीती जाते. मग तीच इंग्रजीत, वेग ०.७५ वर ठेवून. नंतर एकेक ओळ थांबवून सगळ्यांनी मोठ्याने म्हणायची. आणि शेवटी आवाज बंद! चित्र चालू, खालची ओळ वाचून मुलांनी डबिंग करायचं. एक म्हातारी, एक कावळा, एक निवेदक. पाठ केलेलं इथे फार कामाला येत नाही, कारण ओळ निघून जाते आणि डोळ्यांना तिच्यामागे पळावं लागतं. मागच्या बाकावरची पोरं इथे सगळ्यात जास्त रंगात येतात, असा माझा अनुभव.

दुसरं, स्टोरीवीव्हर. 'प्रथम बुक्स' या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये नेटवर सुरू केलेलं गोष्टींचं भांडार. चार पातळ्या आहेत. तुमच्या मुलांना वयाची लाज न बाळगता पहिलीपासून सुरू करा. गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळं आहे. परवाना खुला असल्याने पुस्तक उतरवून छापायला आडकाठी नाही, म्हणजे वडिलांच्या फोनचा प्रश्न झेरॉक्सच्या दुकानात सुटतो. बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला सयाजीरावांनी १९१० साली बडोद्यात आणलं आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायला लागल्या. तुमच्या गल्लीत छापलेल्या गोष्टींची एक फाइल फिरली तरी पुष्कळ.

आता बोट ठेवल्यावर गप्प होतात त्याचं. या मुलांना 'बी', 'सी', 'डी' ही अक्षरांची नावं येतात, आवाज येत नाहीत. जॉली फोनिक्स म्हणून आवाजांवरून वाचायला शिकवायची पद्धत आहे, तिच्यात ४२ आवाज आहेत आणि सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहांपासून होते. ए-बी-सी-डीचा क्रम नाही, कारण या सहांतून लगेच शब्द तयार होतात: सॅट, पिन, टॅप, नॅप. यूट्यूबवर आवाज ऐकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, एक निवडा आणि पुन्हा बदलू नका. आणि कृपा करून इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने गुजरातीत उच्चार लिहू देऊ नका. एकदा लिहिला की डोळा खालच्या अक्षराकडे फिरकतच नाही.

अलकापुरी ट्युशन

बाई, हे सगळं छान आहे, पण पालक मार्क विचारतात. माझ्याकडे येणाऱ्यांचे वडील गोष्टी ऐकायला फी भरत नाहीत. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापलेले असतात, ते सरकारच्या 'दीक्षा' ॲपने स्कॅन केले की त्याच धड्याचं साहित्य उघडतं. तिथून सुरू करा. आणि काळ पक्के करून घ्या, पाया तोच आहे.

वाडीच्या बाई

क्यूआर कोडचं बरोबर सांगितलंत, परीक्षेच्या आधी जरूर वापरावेत. काळांबद्दल पटत नाही. ज्याला 'वेन्ट' वाचता येत नाही त्याच्याकडून 'गो-वेन्ट-गॉन'चा तक्ता घोकून घेऊन काय होणार? तक्त्यांची घोकंपट्टी मी आयुष्यभर तपासलीय हो.

ताई, मगाशी एक राहिलं. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. भाषा इंग्रजी-भारत ठेवा आणि मुलाला एकेक शब्द बोलू द्या. फोनने 'हॉल' लिहिलं की 'होल', 'स्नॅक्स' की 'स्नेक्स', हे मुलालाच दिसतं. तुम्ही चूक काढली की तोंड पडतं, फोनने काढली की पुन्हा करून बघतात. पूर्ण वाक्य मात्र देऊ नका, मागच्या-पुढच्या शब्दांवरून फोन अंदाज बांधतो आणि चुकीचंही बरोबर करून टाकतो.

दांडियाबाजारवाली

बाई, आज डबिंग केलं. आमचा सगळ्यात अबोल मुलगा कोल्हा झाला आणि ओळ संपली तरी ओरडतच होता. वरच्या मजल्यावरचे काका चौकशीला खाली आले!

घरी काय द्यायचं ते सांगा. व्हिडिओ पाठवले तर पालकांचा डेटा संपतो, अशी तक्रार येईल.

वाडीच्या बाई

व्हिडिओ नका पाठवू. छापलेली गोष्ट घरी द्या आणि तिचीच व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवा, डेटा जवळजवळ लागत नाही. आवाज तुमचाच चालेल. बँकेत इतकी वर्षं लोकांना तुमचं इंग्रजी कळलं ना? उलट मुलांनीही एक परिच्छेद वाचून तुम्हाला पाठवायचा. ज्यांच्या घरी रात्री फोन जरा मोकळा असतो त्यांना गुगलचं 'रीड अलॉन्ग' हे ॲप द्या. त्यातली दिया नावाची चित्रातली मुलगी मूल वाचतं ते ऐकते आणि अडलं की शब्द सांगते. गोष्टी तुमच्या वायफायवर उतरवून दिल्या की घरी नेट लागत नाही, फक्त त्यासाठी वडिलांना एकदा फोन घेऊन तुमच्याकडे यावं लागेल.

झेरॉक्सला देण्याआधी पानं बघून घ्या. काही गोष्टींत गडद चित्रावर अक्षरं असतात, काळ्या-पांढऱ्यात त्यातलं काहीही वाचता येत नाही.