चालण्याच्या गेममध्ये खेळण्यासारखे काय असते?

सांजवात, डिचोली:
गेल्या पंधरवड्यात पावसाने घरात कोंडून ठेवले, तेव्हा मी ‘डिअर एस्थर’ आणि ‘गॉन होम’ हे दोन गेम पूर्ण केले. ज्यांत शत्रू नाही, गुण नाहीत, हरणे-जिंकणे नाही, नुसते चालत जायचे आणि वाटेत गोष्ट उलगडत जाते, अशा ‘वॉकिंग सिम्युलेटर’ प्रकारातले हे माझे पहिलेच. ‘गॉन होम’मधून मला उठवेना. ‘डिअर एस्थर’मधले बेट डोळ्यांत भरले, तरी अर्ध्या वाटेवर मी कंटाळले. शेजारी बसलेल्या भावाचे म्हणणे असे, की एकच कळ दाबून धरायची असेल तर त्यापेक्षा पुस्तक वाचावे. मला उत्तर देता आले नाही. दोन्हींत आपण चालतोच. मग एक भावला आणि दुसरा नाही, हे कशामुळे?

माडावळ, फोंडा:
हाताला काय करायला मिळते, यावर ते ठरते असे मला वाटते. ‘गॉन होम’ (२०१३) मध्ये १९९५ सालच्या एका वादळी रात्री थोरली मुलगी युरोपातून घरी परतते, तर घरात कोणीच नसते. आपण खण उघडतो, वस्तू उचलून फिरवून पाहतो आणि हवी तर जागच्या जागी परत ठेवतो. आजी गेल्यानंतर सत्तरी तालुक्यातल्या आजोळच्या घरी माडीवरची पेटी उघडली, तेव्हा मी प्रत्येक जुनी पावती वाचून तिच्याच घडीवर दुमडून ठेवली होती, कोणी पाहत नसतानाही. या गेममध्ये माझे हात तसेच वागले. पुस्तकात पत्र आपल्यासमोर येतेच. इथे ते शोधावे लागते आणि न वाचताच पुढे जाण्याचीही मुभा असते.

‘डिअर एस्थर’ २००८ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ या गेमचा मॉड, म्हणजे त्याच गेमवर बेतलेला फेरबदल, म्हणून आला आणि २०१२ मध्ये स्वतंत्र गेम झाला. त्यात हाताला काहीच काम नाही. निवेदनाचे तुकडे दर खेपेस वेगवेगळे निवडले जातात, ही कल्पना सुंदर आहे, पण एकदाच खेळणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

वाटसरू, पेडणे:
मला हा प्रकार प्रिय आहे, म्हणूनच त्याचे दोष खटकतात. ‘एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर’ (२०१५) मध्ये ओसाड इंग्रज खेड्यातून चालण्याची गती इतकी संथ आहे, की एखादे दार बंद निघाले तर मागे फिरणे जिवावर येते, आणि ज्या कुतूहलावर सारा डोलारा उभा आहे तेच विझते. ‘फायरवॉच’ (२०१६) मध्ये वॉकीटॉकीवरून आपल्या वरिष्ठ डिलायलाला काय उत्तर द्यायचे ते आपण निवडतो. ते संवाद जिवंत आहेत, मात्र त्या उत्तरांनी कथेची मोठी वळणे बदलत नाहीत. निवड देऊ केल्यावर तिला काही वजन असावे, ही अपेक्षा रास्त आहे.

घाटवाट, माशेल:
भावाला ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ (२०१७) मधला मासळीच्या कारखान्याचा प्रसंग खेळू द्या. लुईस नावाचा तरुण तिथे कामाला आहे. कंट्रोलरवरच्या एका स्टिकने, म्हणजे अंगठ्याने हलवायच्या दांडीने, मासा ओढायचा, पात्याखाली धरून डोके उडवायचे आणि पट्ट्यावर टाकायचा. त्याच वेळी दुसऱ्या स्टिकने त्याच्या मनातल्या राज्यातून चालायचे. ते राज्य हळूहळू पडदाभर पसरत जाते. बाजारात बांगडे साफ करणाऱ्या बाईंचे हात मी लहानपणापासून पाहत आलो आहे: गिऱ्हाइकाशी बोलणे चालू, नजर भलतीकडे आणि सुरी आपली चालूच. गेममध्ये मासे कापता कापता माझे लक्ष त्यांच्यावरून केव्हा उडाले ते मला कळले नाही, आणि लुईसचे नेमके तेच होत होते. हे वाचून समजले असते. हातांना असे उमगले नसते.

सांजवात, डिचोली:
आपणां सर्वांचे मनापासून आभार. रविवारी तो गेम लावते. या वेळी कंट्रोलर भावाच्या हातात देईन आणि शेजारी मी बसेन.