एडमोनिया लुईस आणि घोडीच्या थडग्यावरची राणी

'एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन शिल्पकार रोममध्ये नुसता मातीचा नमुना करायचे, संगमरवर इटालियन कारागीर घडवायचे' असं म्हणतात, आणि ते बहुतेकांबाबत खरं आहे. पण त्यांच्यातलीच एक शिल्पकार, एडमोनिया लुईस, बराच काळ छिन्नी स्वतःच चालवायची. वडील कृष्णवर्णीय, आईकडून ओजिब्वे (उत्तर अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) रक्त. कारागीर ठेवले असते तर 'हे हिचं कामच नाही' म्हणायला लोक टपलेलेच होते. ओबर्लिन कॉलेजात असताना, १८६२ मध्ये, तिच्यावर दोन मैत्रिणींना विष घातल्याचा आळ आला. मारहाणही झाली. खटल्यातून सुटली. मग बॉस्टनमध्ये कर्नल शॉचा (अमेरिकन यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचा सेनानी) अर्धपुतळा केला आणि त्याच्या प्रती विकून रोम गाठलं.

१८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात तिचं 'क्लिओपात्राचा मृत्यू' गाजलं. इतरांची राणी मरणाचा विचार करत बसलेली, हिची सिंहासनावर सरळ मेलेलीच! पुढे ते १,३०० किलोंहून जड शिल्प शिकागोजवळ चक्क 'क्लिओपात्रा' नावाच्या शर्यतीच्या घोडीच्या थडग्यावर उभं होतं (जुगारी मालकाची हौस, दुसरं काय). १९९० च्या दशकात ते स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेकडे आलं.