गोवर, कांजिण्या, गांधी, पुरळ... नक्की कशाला काय म्हणायचं?

सोलापूरची आई :
माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे, तीन दिवस ताप होता चांगला १०३ पर्यंत, चौथ्या दिवशी ताप उतरला आणि दुपारी बघते तर छातीपाठीवर गुलाबी बारीक बारीक काहीतरी उठलेलं. सासूबाई म्हणाल्या गोवर निघाला, शेजारच्या काकू म्हणतात गांधी आहेत, आई फोनवर म्हणाली पित्त उठलं असेल आमसुलाचं पाणी लाव, आणि डॉक्टर म्हणाले व्हायरल रॅश आहे, काही करू नका. चौघांचे चार शब्द. आता बरी आहे, खेळतेय, पण मला खरंच समजून घ्यायचंय की हे सगळे शब्द एकाच गोष्टीचे की वेगळे?

पेणकर :
वेगळे आहेत ताई. गांधी म्हणजे अंगावर उठतात त्या फुगीर वळासारख्या, प्रचंड खाजतात आणि मुख्य म्हणजे जागा बदलतात, आत्ता मांडीवर होती ती तासा-दोन तासांत विरते आणि दंडावर दुसरी उठते. पित्त उठलं म्हणतात ते हेच, वैद्य शीतपित्त म्हणतात. कोकणात आमसुलाचं पाणी लावतात ते गांधींनाच, गोवराला नाही. फक्त गांधींबरोबर ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वास लागला, आवाज घोगरा झाला तर आमसूल-बिमसूल राहू दे, लगेच दवाखाना गाठायचा.

बालरुग्ण विभागातली सिस्टर :
या धाग्यावर मुद्दाम लिहितेय कारण आमच्या ओपीडीत हा घोळ रोज होतो आणि त्याचे परिणाम होतात.

आपल्याकडे ताप आणि अंगावर काहीही आलं की घरात पहिला शब्द निघतो गोवर. खऱ्या गोवराचा एक क्रम असतो. आधी ताप, सर्दी, कोरडा खोकला, डोळे लाल आणि पाणावलेले, मूल अगदी किरकिरं. काही मुलांच्या गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. मग साधारण तीन-चार दिवसांनी कानामागून, केसांच्या रेषेपासून पुरळ सुरू होतं, चेहरा, मान, छाती असं खाली उतरत पायांपर्यंत जातं, आणि पुरळ येताना ताप उतरत नाही, उलट वाढतो. सोलापूरच्या ताई, तुमच्या बाळाचं उलटं झालं, ताप गेला आणि मग पुरळ आलं. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांत असं खूप दिसतं, डॉक्टर त्याला रोझिओला म्हणतात, दोन-तीन दिवसांत आपोआप जातं.

आता हे एवढं का सांगतेय, तर घरात एकदा "हिला गोवर होऊन गेला" असं ठरलं की पुढची लस राहते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, आणि दुसऱ्याच्या वेळेला आजी म्हणतात आता कशाला टोचायचं, तिला येऊन गेला ना. आला होता रोझिओला! २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, मालेगावला, भिवंडीला गोवराची साथ आली, मुलं दगावली, त्यात लस न घेतलेली आणि एकच डोस झालेली मुलं किती होती ते आठवा. म्हणून कृपया, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोवर हा शब्द मुलाला चिकटवू नका, नुसतं "ताप आणि पुरळ" म्हणा. आशाताई घरी येऊन विचारतात ते पण असंच विचारतात, कारण संशय असेल तर रक्त तपासून ठरवायचं असतं. आणि खरा गोवर निघाला तर अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी देतात, ते चुकवू नका, डोळे वाचतात.

नगरकर आजोबा :
आमच्या लहानपणी देवी, गोवर, कांजिण्या सगळ्यालाच माता आली म्हणत. देवी म्हणजे तो भयंकर रोग, भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, १९८० मध्ये जगातून गेला असं जाहीर झालं. माझ्या दंडावर देवी काढल्याचा गोल व्रण अजून आहे. रोग गेला पण शब्द राहिला आणि त्याच्याबरोबर औषध द्यायचं नाही, आंघोळ नाही, "सगळं बाहेर पडू दे, नाहीतर आत जिरेल" हे पण राहिलं. कडुलिंबाचा पाला अंथरुणात ठेवा हो, पण त्याच्यासाठी दवाखान्यात जायचं थांबू नका.

सिस्टर :
आजोबा अगदी बरोबर. आत जिरत वगैरे काही नाही, पाणी भरपूर पाजायचं, खायला द्यायचं, कोमट पाण्याने अंग पुसायचं.

कांजिण्या ओळखायला सोप्या, पाण्याने भरलेले फोड, खाज, आणि एकाच पोटावर नवी पुटकुळी, फुटलेला फोड, वाळलेली खपली असं सगळं एकाच वेळी. सगळ्यांवर खपल्या धरेपर्यंत शाळेत पाठवायचं नाही, आणि ॲस्पिरिन अजिबात द्यायची नाही. "याला दुसऱ्यांदा कांजिण्या झाल्या" म्हणून येतात ना, त्यात बऱ्याचदा फोड तळहात, तळपाय आणि तोंडात असतात, तो वेगळाच विषाणू, २०२२ ला पेपरवाल्यांनी टोमॅटो फ्लू म्हटलं होतं तो.

नाशिकची मावशी :
पण सिस्टर, आमच्या मुलाचा रंग सावळा आहे, लाल चट्टे लाल दिसतच नाहीत.

सिस्टर :
फार चांगलं विचारलंत. सावळ्या अंगावर पुरळ काळपट किंवा जांभळट दिसतं, कधी नुसतं खरखरीत हाताला लागतं. उजेडात नेऊन तळहात, तळपाय, तोंडाच्या आतली बाजू बघा, आणि अंगावरून हात फिरवा. "लाल नाही म्हणजे काही नाही" असं धरू नका.

आणि ठिपके हा शब्द मात्र जपून वापरा. काचेचा साधा पेला ठिपक्यांवर दाबून धरायचा, पुरळ फिकं पडतं, पण दाबूनही तसेच राहणारे टाचणीच्या टोकाएवढे लालजांभळे ठिपके म्हणजे कातडीखाली रक्त आलंय. ताप असताना असं दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. डेंग्यूत पण येतात, त्यात ताप उतरल्यावरच धोका वाढतो, म्हणून पोट दुखतंय, सारखी उलटी, हातपाय गार, लघवी कमी असं असेल तर ताप गेला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूचा संशय असताना आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉलच, तेही वजनावर.

पेणकर :
तापाचे शब्द पण लिहा ना, कणकण, कसर, फणफणलाय...

सिस्टर :
घरात बोलायला छान आहेत, पण फोनवर आम्हाला आकडा सांगा, थर्मामीटर लावून. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ असला तरी कणकण म्हणून घरी बसायचं नाही. आणि कुठलाही ताप पाच दिवस टिकला, वर डोळे लाल, ओठ फाटलेले, जीभ लालभडक, हातपाय सुजलेले असतील तर त्याला उष्णता म्हणू नका, कावासाकी नावाचा आजार असू शकतो, त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना त्रास होतो.

सोलापूरची आई :
खूप आभार सगळ्यांचे. कार्ड काढून बघितलं, दुसरा डोस सोळाव्या महिन्यात आहे, सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला आणि त्याच म्हणाल्या मी येते बरोबर.