पार्टनाख घळ: आईला घेऊन एका दिवसात जमेल का?

धरमपेठकर: येत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात म्युनिकला जाऊन राहिलो. सोबत आई, वय ६४. रामटेकचा गड पायऱ्यांनी चढते, उतरताना मात्र गुडघे कुरकुरतात. तिथून जवळच्या गार्मिश गावची पार्टनाखक्लाम, म्हणजे पार्टनाख नदीची घळ, तिला झेपेल का? छत्री आणि फ्लोटर्स पुरतील?

डोंगरवेडा: घळ झेपेल. जेमतेम ७०० मीटर, चढ हलका, नदीकडेला कठडा. त्याआधी १९३६ च्या ऑलिम्पिकच्या स्की-स्टेडियमपासून तिकीट खिडकीपर्यंत साधारण २५ मिनिटं सपाट चालणं आहे. टांगाही मिळतो, पण तो घळीच्या अलीकडेच थांबतो.

छत्री घरीच ठेवा. वाट कड्यात कोरलेली, मधेमधे बोगदे. उघडली की काड्या कातळाला अडकतात आणि समोरच्याला जागा उरत नाही. ऊन असलं तरी वरून पाणी टपकतच असतं, त्यामुळे टोपीवाला रेनकोट लागतोच. फ्लोटर्सही नको, दगड ओला आणि घासून गुळगुळीत झालेला असतो. खोल खाचांच्या तळव्याचे बूट घ्या. आत वाळ्याच्या कूलरसमोर ओल्या कपड्यात बसल्यासारखी थंडी वाजते, आईला स्वेटर हवाच.

उमरेडरोड: खरी मेख परतीत आहे. गर्दीमुळे वाट खालून वर एकेरी केलेली असेल, तर त्याच वाटेने परतता येत नाही. वरची ग्रासेक वस्ती किंवा पार्टनाखआल्म हे डोंगरावरचं उपाहारगृह, यांपैकी एकावरून चढून मग उतरावं लागतं, आणि ती उतरण आईच्या गुडघ्यांना नडेल. तिकीट काढायच्या आधीच खिडकीवर विचारा. एकेरी असेल तर ट्रेकिंगच्या दोन काठ्या न्या, उतरताना थोड्या लांब करून धरायच्या.

डोंगरवेडा: हे बरोबर. शिवाय निघायच्या सकाळी घळ उघडी आहे का ते बघाच. जूनमध्ये वरचा बर्फ वितळून पाणी फुगलेलं असतं. त्यावर जोराचा पाऊस झाला की दगड सुटतात, वाट बंद करतात. १९९१ मध्ये तर कडाच कोसळला होता. विजांचा गडगडाट बहुधा दुपारनंतरचा, म्हणून सकाळीच आत शिरा.

बायर्न-तिकिटावर (बव्हेरिया राज्यात दिवसभर साध्या गाड्यांनी फिरायचं रेल्वे तिकीट) मात्र कामाच्या दिवशी ९ च्या आधीची गाडी चालत नाही. म्युनिकहून दीड तास धरा, म्हणजे स्टेडियम गाठेपर्यंत ११ वाजतातच. शनिवार-रविवारी ही अट नाही, पण गर्दी पोळ्याच्या बाजारासारखी.

आणि नावात क्लाम आहे म्हणून जवळचीच दुसरी घळ, ह्योलेंटालक्लाम, धरू नका. तिथे हामर्सबाख गावापासून तासाभराहून जास्त चढ आहे.

धरमपेठकर: आई साडीच नेसते. चालेल?

उमरेडरोड: नऊवारी असती तर चिंता नव्हती. पाचवारीचा खालचा काठ भिजून जड होतो आणि बोगद्यात पायात येतो. काकूंना त्या दिवसापुरती सलवार घालायला सांगा, घोट्याच्या वर दुमडता येईल अशी.